ऑपरेशन फुकट झालं, पुढचं कोण बघणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बहिऱ्या लहान मुलांना मोफत कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवल्याच्या बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात. फोटोत डॉक्टर असतात, पुढारी असतात, आईच्या कडेवर डोक्याला पट्टी बांधलेलं मूल असतं. बातमी चांगलीच असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण फोटो छापून आल्यावर त्या मुलाचं पुढे काय झालं हे विचारायला कोणी जात नाही. आमच्या घरात असं एक मूल आहे, माझ्या धाकट्या दिराची मुलगी. कानाच्या इम्प्लांटसाठी देशभर एकच कार्यक्रम हवा, असं आता बरेच जण म्हणतात. हवाच. फक्त तो ऑपरेशन थिएटरच्या दारात संपणारा नको, एवढ्यासाठी हे पत्र.

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी चार पॉवरलूम आहेत. मी साड्यांना फॉल-पिको करते. ज्यांच्या घरात माग आहेत त्यांना ठाऊक आहे, आमच्याकडे सगळे मोठ्यानेच बोलतात आणि तान्ही पोरंसुद्धा त्या खडखडाटात झोपायला शिकतात. ही पोरगी माग चालू असताना गाढ झोपते याचं सासूबाईंना कौतुकच होतं. "गरीब पोर आहे, काही त्रास नाही," म्हणायच्या. शंका आली ती शेजारणीला. मग सासूबाईंनी पाठीमागे उभं राहून ताट वाजवून बघितलं. पोरगी वळली. सगळ्यांचे डोळे ताटाकडे गेले म्हणून तीही तिकडे वळली, एवढंच. ताटाची ही परीक्षा आपल्याकडे गल्लोगल्ली चालते आणि तिच्यात पास झालेल्या पोरांची वर्षं वाया जातात.

खरी तपासणी दोन प्रकारची. ओएई म्हणजे मूल झोपलेलं असताना कानात बारीक नळी ठेवून काही मिनिटांत होणारी, आणि बेरा म्हणजे डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो की नाही ते पाहणारी. डॉक्टर लोक १-३-६ असं गणित सांगतात: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात. आमच्या हातात बेराचा कागद पडला तेव्हा पोरगी दीड वर्षाची होऊन गेली होती. त्यावर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बरेच लवकर आलात." हे ऐकून माझ्या दिराला बरं वाटलं, मला धसका बसला.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न नात्याचा होता. माझी जाऊ म्हणजे सासूबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी. मामाची मुलगी करायची पद्धत आपल्या भागात मराठी घरांत आहे, कानडी घरांत आहे, तिकडे तर मामा-भाचीचीही लग्नं लागतात. आईबाप दोघांचे कान ठणठणीत असतात, पण तोच दोष दोघांकडूनही पोराकडे आला तर ते जन्मतः बहिरं होऊ शकतं. कारणं बाकीही आहेत. गरोदरपणी आईला झालेला रुबेला, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, जास्त चढलेली कावीळ, जेंटामायसिनसारखी काही इंजेक्शनं. २०१७ मध्ये कर्नाटकात गोवर-रुबेलाची लस शाळाशाळांतून दिली गेली, तेव्हा भीतीने पोरांना घरी ठेवणारे आईबाप मी पाहिलेत. त्या लशीचा उद्या जन्मणाऱ्या बाळाच्या कानाशी संबंध आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नात्यातल्या लग्नावरून सुनेला टोमणे मारण्यात मात्र काही अर्थ नाही, लग्न ठरवणारे मोठेच असतात.

यंत्राबद्दल दोन ओळी लिहिते, कारण बऱ्याच जणांना ते साधं कानाचं मशीन वाटतं. साधं मशीन आवाज मोठा करतं. कानातल्या शंखाकृती भागातल्या बारीक पेशीच मेल्या असतील तर आवाज कितीही मोठा करून उपयोग नसतो. इम्प्लांटची बारीक तार थेट त्या शंखात बसवतात आणि ती विजेच्या सूक्ष्म झटक्यांनी कानाच्या शिरेला जागं करते. बाहेर कानामागे माइक आणि प्रोसेसर, आणि चुंबकाने डोक्याला चिकटणारी गोल चकती. आवाजाच्या एकापेक्षा जास्त वाहिन्यांचं असं यंत्र ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्नला एका माणसाला बसवलं, सुरुवातीच्या यंत्रांपैकी ते एक. ऑपरेशननंतर जखम भरली की तीन-चार आठवड्यांनी यंत्र चालू करतात. त्या दिवशी पोर हसलं की लोक टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात. आमची हसली नाही, भेदरून आईच्या पदरात शिरली. ते स्वाभाविक होतं. मेंदूला तो आवाज कसला आहे हे माहीतच नसतं, त्याला एकेक आवाज शिकवावा लागतो, आणि ते शिकवणं म्हणजेच खरा उपचार. त्याला थेरपी म्हणतात, आणि सरकारी खर्चातली सगळ्यात पातळ जागा तीच आहे.

पैशाचं बोलायचं तर दिव्यांगांना साधनं पुरवणारी केंद्राची एडिप योजना आहे. २०१४ मध्ये ती सुधारली तेव्हा एका इम्प्लांटसाठी ६ लाखांपर्यंत मदत आणि वर्षाला ५०० मुलं, असं ठरलं. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची अट पाच वर्षांची, आणि कारभार मुंबईच्या अली यावर जंग संस्थेकडे. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींच्या वर बाळं जन्मतात. हजारात एक बाळ पूर्ण बहिरं धरलं तरी वीस हजारांच्या वर होतात. सगळ्यांना इम्प्लांट लागणार नाही, पण ५०० आणि २०,००० यांच्यातली दरी राज्यांनी आपापल्या परीने भरायची असं चाललं आहे. आंध्रात आरोग्यश्री या सरकारी आरोग्य योजनेतून झालं, तमिळनाडूत मुख्यमंत्री विमा योजनेतून, केरळात २०१२ पासून श्रुतितरंगम, कर्नाटकातही आता सहा वर्षांखालच्या मुलांसाठी श्रवण संजीवनी आली. थोडक्यात, मूल कुठल्या राज्यात जन्मलं यावर त्याचा कान ठरतो.

आणि आम्ही तर राज्याच्या काठावर. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, कर्नाटकने हरकत घेतली, पुढे अर्ज भरून घेणाऱ्या केंद्रांवरून वाद झाला, हे सगळं आपल्याच पेपरात आलेलं आहे. माझ्या दिराने त्या काळात दोन्हीकडे कागद फिरवले. इकडे एका कार्यालयात रेशनकार्डावरून अडवलं, तिकडे एका दवाखान्यात आधारवरचा पत्ता बघून "हे आमच्यात येत नाही" म्हणाले. शेवटी एका सरकारी योजनेतून काम झालं, त्यांचे उपकारच आहेत. पण सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून आहे, अजून कितीही वर्षं पडू दे. पोरीचा मेंदू तेवढा थांबत नाही. भाषा शिकायची त्याची मुख्य वर्षं पहिली तीन-चार. राष्ट्रीय कार्यक्रम कशाला हवा असं कोणी विचारलं तर आमचं उत्तर एवढंच आहे की मुलाची नोंद देशात एकदा व्हावी आणि पैसा त्या नोंदीमागे जावा, मग बाप बेळगावात राहो की पलीकडे महाराष्ट्रात चंदगडला, की कामासाठी इचलकरंजीला जाऊन राहो.

आता थेरपीचं. आमच्या पोरीला मिळालेल्या थेरपिस्ट बाई मनाने फार चांगल्या, जीव तोडून शिकवायच्या. पण कानडीत. घरी करायच्या कामांचा कागद द्यायचे तो कानडी आणि इंग्रजीत. माझी जाऊ खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. ती तो कागद घेऊन गल्लीतल्या कॉलेजच्या पोराकडे जायची, तो वेळ मिळेल तेव्हा वाचून दाखवायचा. कानडीशी आमचं वैर नाही, हे मुद्दाम लिहिते, नाहीतर लगेच दुसराच रंग चढतो. आमच्या मागावर कानडी कामगार आहेत, गल्लीतली पोरं खेळताना दोन्ही भाषा एकत्र करून बोलतात, आणि या पोरीलाही मोठी झाल्यावर कानडी यायलाच पाहिजे, तिला याच गावात राहायचं आहे. पण ज्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा आवाज ऐकला आहे त्याला आधी एक भाषा पक्की मिळाली पाहिजे, आणि ती घरात दिवसभर कानावर पडणारीच असली पाहिजे. थेरपिस्ट आठवड्यातून तासभर भेटतात, बाकीचा सगळा वेळ थेरपी आईच करते. आईलाच समजली नाही तर कोणाला समजणार?

म्हैसूरला वाचा-श्रवणाची मोठी राष्ट्रीय संस्था आहे, मुंबईला दुसरी. बेळगावपासून दोन्ही पाचशे किलोमीटरच्या आसपास. एकीकडे कानडीत काम चांगलं चालतं, दुसरीकडे मराठीत, आणि आम्ही बरोबर मधे. राज्यघटनेतलं कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतं, त्यावर आपल्याकडे मोर्चे निघतात, निवेदनं जातात. ही पोरं तर शाळेच्याही अलीकडे अडकलेली आहेत. त्यांच्यासाठी कोणी निवेदन दिल्याचं मी वाचलं नाही. निपाणी, खानापूर, बेळगाव पट्ट्यातल्या बारावी झालेल्या मुलींना निवडून, या दोन संस्थांच्या मदतीने मराठीत थेरपीला हातभार लावायला शिकवलं तर त्यांना कामही मिळेल. थेरपिस्ट बाईंच्या हाताखाली बसून आईला मराठीत समजावून सांगणारी एक जण असली तरी निम्मं ओझं उतरेल.

घरी काय चालतं ते सांगते म्हणजे अंदाज येईल. रोज सकाळी यंत्र लावलं की आधी सहा आवाज तपासायचे: आ, ई, ऊ, म, श, स. जाड आवाजापासून अगदी बारीक आवाजापर्यंत सगळं यात येतं. पोरीने आवाज ऐकला की डब्यात एक बॉबिन टाकायची. तिने ओठ वाचू नयेत म्हणून तोंडासमोर पडदा धरायचा असतो. हाताने तोंड झाकलं तर आवाज दबतो, म्हणून मी माझ्या भरतकामाच्या रिंगेत विरळ मलमल ताणून दिली, आवाज आरपार जातो आणि ओठ दिसत नाहीत. थेरपिस्ट बाईंना ती इतकी आवडली की त्यांनी आणखी करून मागितल्या. 'स' ला तिने बॉबिन टाकली नाही की समजायचं, काहीतरी बिघडलं आहे. मग शोध सुरू. बॅटरी उतरली का, तार तुटली का, की माइकच्या जाळीत कापूस गेला? आमच्या घरात हवेत सुताची बारीक कुसं उडत असतात, ती त्या जाळीवर बसतात. मऊ ब्रशने रोज झाडावी लागतात. थेरपीच्या वेळात चारही माग बंद ठेवतो, त्या गोंगाटात तिला बोलणं वेगळं काढता येत नाही. तेवढ्या वेळाची मजुरी बुडते. ती कुठल्याच योजनेत धरलेली नाही, आणि धरा असंही मी म्हणत नाही, फक्त माहीत असावं.

पावसाळ्यात तर विचारू नका. बेळगावचा पाऊस आपल्याला माहीत आहे, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. रात्री यंत्र ओल शोषणाऱ्या डबीत ठेवायचं, त्यातली गोळी बदलायची, सकाळी पुन्हा ते सहा आवाज. चकतीपासून प्रोसेसरपर्यंत जाणारी बारीक तार असते, ती पोराच्या ओढाताणीत तुटतेच. नवी काही हजारांना पडते, इथे दुकानात मिळत नाही, मागवून घ्यावी लागते, आणि येईपर्यंत पोर पुन्हा बहिरं. प्रोसेसरच गेला तर लाखांत खर्च. आमच्यासारख्याला माग बसवून दिला आणि मोटर तुमची तुम्ही बघा म्हटलं, तशातली ही गत. काही घरांत ऑपरेशन झालेलं आहे, तार कानात आहे, आणि प्रोसेसर कपाटात बंद पडून आहे. सरकारच्या हिशोबात ते मूल 'लाभार्थी' म्हणून जमा आहे.

केरळने हे भोगलं आहे. तिथे योजनेतून सुरुवातीला इम्प्लांट झालेल्या मुलांचे प्रोसेसर काही वर्षांनी जुने झाले, कंपन्यांनी त्यांचे सुटे भाग बंद केले, आईबाप सरकारच्या दारात गेले, तेव्हा दुरुस्ती आणि प्रोसेसर बदलण्याची तरतूद करावी लागली. राष्ट्रीय कार्यक्रम करणाऱ्यांनी हे पहिल्या पानावर लिहावं. आपल्या बाजारातली यंत्रं मुख्यतः ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया आणि अमेरिकेची. सरकार शेकड्याने यंत्रं विकत घेतं, तर घेतानाच दहा वर्षं सुटे भाग देण्याची आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तारा, बॅटऱ्या, बदली प्रोसेसर ठेवण्याची अट घालता येते. मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली तर दुकानदार ऐकतो, हे मला फॉल-पिकोच्या धंद्यातही कळतं. विशाखापट्टणमला डीआरडीओच्या, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेच्या, प्रयोगशाळेत देशी इम्प्लांटवर काम झालं आहे, ते नेटाने पुढे नेलं तर भावही खाली येईल.

तपासणीचं थोडं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात जन्मजात बहिरेपण धरलेलं आहे, कागदावर कमी काही नाही. आमच्या नात्यातल्या एका बाळाला या वर्षी एका दवाखान्यात नेलं तर यंत्र होतं, चालवणारा माणूस रजेवर होता. बीसीजी टोचल्याशिवाय बाळंतिणीला घरी सोडत नाहीत, तशीच कानाची तपासणी कार्डावर लिहिल्याशिवाय सोडू नये. ज्या घरात आधीच एक बहिरं मूल आहे तिथे तर आशाताईंनी गरोदरपणातच नाव टिपून ठेवावं.

आणखी एक. आमच्या शेजारच्या कारखान्यात जन्मतः बहिरा असा एक तरुण आहे, पंचविशीचा. धोटा अडकला किंवा धागा तुटला तर आमच्याआधी त्याला कळतं, मागाची थरथर त्याला हाताला समजते. खुणांनी बोलतो, लग्न झालं आहे, बायकोही तशीच, दोघांचं छान चाललं आहे. त्याला इम्प्लांटचा उपयोग आता फारसा नाही आणि त्याला ते नकोही आहे. इम्प्लांटचं कौतुक करताना खुणांच्या भाषेवर बोलणाऱ्यांना कमी लेखायचं कारण नाही, पोरांना दोन्ही शिकवावं असं माझं मत आहे. प्रोसेसर बंद पडला त्या दिवशी हातांनी तरी बोलता येतं. पण माझ्या सासऱ्यांचं तसं नाही. चाळीस वर्षं नव्वद डेसिबलच्या वरच्या आवाजात उभं राहून त्यांचे कान गेले. बोलता येतं, ऐकू येत नाही. कानात मशीन घालून अजून थोडंफार भागतं. ज्यांचं तेवढ्यानेही भागत नाही अशा मोठ्या माणसांनाही इम्प्लांटने फायदा होतो, पण बहुतेक योजना लहान मुलांच्या वयावर थांबतात. लहान मुलांना आधी घ्या, हे बरोबरच. पण मोठ्यांचं नाव यादीत असायला काय हरकत आहे? आणि मागवाल्यांना कानात घालायचे बोळे कोणी दिले तर तो सगळ्यात स्वस्त उपचार होईल.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. आपल्या वार्ताहराने बेळगाव जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना तीन आकडे विचारून ते छापावेत: आजवर जिल्ह्यातल्या किती मुलांना सरकारी खर्चाने इम्प्लांट बसले, त्यांतल्या किती जणांचे प्रोसेसर आज चालू आहेत, आणि किती जणांना घरच्या भाषेत थेरपी मिळते. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा असेल तर माझा दीर सही करायला तयार आहे.

पोरगी अजून लहान आहे, म्हणून नाव छापू नये.

आपली,
एक वाचक
वडगाव, बेळगाव